मेंदूतील आधारपेशी

जळगाव जिल्ह्यात केळीचा घड उतरल्यावर जुने खोड कापतात. परंतु कंदापासून फुटलेले पिल वाढून पुन्हा घड देते. यास शेतकरी पिलबाग म्हणतात. मेंदूचे तसे नाही. त्याच्या बहुतेक भागांत मेलेल्या मज्जापेशीच्या जागी नवी उगवत नाही. म्हणूनच अर्धांगवायूने लुळा पडलेला हात पुष्कळदा तसाच राहतो.

मज्जापेशींच्या भोवती आधारपेशी असतात. १८५६ साली फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना डिंकाच्या अर्थाचे नाव दिले. ते अपुरे होते. या पेशी मज्जापेशींचे पोषणही करतात. झेब्रामासा आपल्याच देशातील ओढ्यांतला. त्याच्या डोळ्यातील पडद्यास इजा झाली, तर तेथील आधारपेशींपासून नव्या मज्जापेशी तयार होतात.

सस्तन प्राण्यांत हे घडवता येईल काय? २००२ साली प्रयोगशाळेतील काचपात्रात उंदराच्या आधारपेशींत एक विशिष्ट जनुक घालताच काहींच्या मज्जापेशी बनल्या. पुढे जिवंत उंदरांच्या मेंदूतही असेच यश मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र २०२१ साली काही संशोधकांनी आधारपेशींवर आधीच खूण करून तोच प्रयोग केला, तेव्हा नव्या म्हणून मोजलेल्या मज्जापेशी मूळच्याच निघाल्या. पिल कोणत्या कंदाचे, हे शेतकऱ्यास माती उकरून पाहता येते. मेंदूत तेच ठरवणे कठीण आहे, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.