केपचा बेडूक, बोरगावचा उन्हाळा

नवा बेडूक घरी आला की पहिले चार-पाच दिवस त्याला त्याचं त्याचं राहू द्या. टाकीवर एका बाजूने जुनी चादर टाका, दिवा लावू नका, खाणं दोन दिवसांनी द्या. तो फुटक्या कुंडीच्या तुकड्याखाली जाऊन बसेल आणि घरातली मुलं सांगत येतील, "हा तर मेला." मेलेला नसतो. कायम पाण्यात राहणारा बेडूकही श्वास घेतो तो फुप्फुसाने. थोडा वेळ थांबलात की तो झपकन वर येईल, नाकपुड्या पाण्याबाहेर काढेल आणि पुन्हा तळ गाठेल. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही. वर चार बोटं हवा ठेवायची आणि जाळीचं घट्ट झाकण लावायचं. झाकण नसलेल्या टाकीतला बेडूक रात्री बाहेर पडतो आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेला सापडतो.

पाळीव बेडूक हा माझा जुना नाद. बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे या वर्ध्याला चिकटलेल्या वस्त्यांमधून आता बऱ्याच घरांत काचेची टाकी दिसते. मासे असतातच, अधूनमधून कुणीतरी नागपूरहून पांढरा-गुलाबी, लाल डोळ्यांचा बेडूक आणतो आणि मग माझ्याकडे विचारणा येते. पहिला प्रश्न नेहमी 'खायला काय द्यायचं' हा असतो. मी उलट विचारतो, "टाकी ठेवली कुठे आहे?" आमच्याकडे बेडकाचं आयुष्य ठरतं ते टाकीच्या जागेवर.

आधी बेडूक कोणता ते ओळखा. दुकानात दोन जाती येतात आणि कधीकधी एकाच नावाने विकल्या जातात. एक झेनोपस लेव्हिस, म्हणजे आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. पांढरे-गुलाबी म्हणून मिळतात ते हेच. मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखं असतात, पुढच्या हातांची बोटं सुटी असतात, डोळे कपाळावर वर पाहणारे. मादी वाढून दहा-बारा सेंटिमीटरची होते. दुसरा हायमेनोकायरस, म्हणजे आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. हा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा आणि याच्या चारही पायांना पडदे असतात. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पुढचे हात पाहा. बोटं सुटी असतील तर तुम्ही पंधरा वर्षांची जबाबदारी घरी आणली आहे. झेनोपस एवढा सहज जगतो आणि त्याहून जास्तही. सातवीतल्या मुलीच्या हट्टापायी घेतलेला बेडूक ती नोकरीला लागेल तेव्हाही टाकीत असेल. आणि तोंडात मावेल तो मासा तो गिळणार, तेव्हा गप्पी-मोलीच्या टाकीत त्याला सोडू नका.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. एका झेनोपसला निदान चाळीस लिटर पाणी हवं. नळाच्या पाण्यात ब्लिचिंगचा क्लोरीन असतो आणि पावसाळ्यात साथीच्या भीतीने तो जास्त पडतो. बादलीत चोवीस तास उघडं ठेवा किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे टाका. बेडकाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती झाली की ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आधी आणि बेडूक नंतर. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा झोत मंद ठेवा, कारण झेनोपसच्या अंगावर टाके घातल्यासारख्या रेघा असतात आणि त्यांनी तो पाण्याची हालचाल ओळखतो. सततच्या झोताने तो बेजार होतो. तळाला बारीक गिट्टी नको, तो ती गिळतो. आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरत नाहीत.

आता मूळ गोष्ट. झेनोपस दक्षिण आफ्रिकेतला. तिथल्या केप भागाच्या तळ्याडबक्यांतल्या त्या जिवाला १८ ते २२ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २६च्या वर तो तणावात जातो. आणि आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५च्या पार जातो. दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला सोसत नाही. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, बेडकाची भूक आणि घाण दोन्ही वाढतात, आणि अमोनियाही जास्त मारक होतो: पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं की त्यातल्या विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दुप्पट होतो. आमच्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तर याची धार आणखी तीव्र. मे महिन्यात बेडूक 'अचानक' गेला असं लोक सांगतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

सेवाग्रामला मी दर उन्हाळ्यात एकदा तरी जातो, आणि मुद्दाम दुपारी जातो. गांधीजी तिथे, तेव्हाच्या सेगावात, राहायला आले ते १९३६ च्या एप्रिलअखेर, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. बापू कुटीच्या जाड मातीच्या भिंती, कौलं, खाली उतरलेल्या ओसऱ्या. उन्हाचा थेट मारा भिंतीवर येऊच नये अशी ती बांधणी आहे. बेडकाची टाकी ठेवण्याचा सगळा विचार त्या कुटीत बसून शिकता येतो. पश्चिमेच्या भिंतीला टाकी लावायची नाही. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायची नाही. घराच्या मधल्या खोलीत, शक्य तर थेट शहाबादी फरशीवर ठेवायची, कारण गरम हवा वर जाते आणि फरशी रात्रीचा गारवा धरून असते. एवढ्यानेच दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

पुढचं काम बाष्पीभवनाचं. माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला शाळेत शिकवतात, पण ते किती गार होऊ शकतं याला एक ठाम मर्यादा आहे आणि ती घरबसल्या मोजता येते. साध्या थर्मामीटरच्या बुडाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. पारा जिथे थांबेल त्याच्या खाली कुठलाही माठ, कूलर किंवा ओलं गोणपाट पाणी नेऊ शकत नाही. मे महिन्यात हवा ४५ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल तर हा ओला पारा साडेतेवीसच्या आसपास थांबतो. म्हणजे वर्ध्याच्या सगळ्यात भीषण दुपारी, एक पैशाची वीज न जाळता, पाणी चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवणं शक्य आहे! हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. तेव्हापासून माझे झेनोपस एप्रिल ते जून काचेच्या टाकीत नसतातच. रुंद तोंडाच्या, झिलई न केलेल्या मातीच्या रांजणात असतात. रांजण वाळूवर, वाळू ओली, वर जाळी. आत अंधार असल्याने बेडूकही निवांत राहतो. रांजणातलं पाणी उडत राहतं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा नुसती भर घालून चालत नाही, पाणी बदलावंच लागतं. भिंतीवर पांढरा थर धरला की छिद्रं बुजतात. वर्षा-दोन वर्षांनी रांजणच बदलायचा.

काचेचीच टाकी असेल तर जाळीच्या झाकणावरून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. कूलरच्या खोलीत टाकी असेल तर उत्तमच, पण तिथली हवा आधीच ओली असते, त्यामुळे पंख्याचा जास्तीचा फायदा फार होत नाही.

खरी अडचण पुढे आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पाऊस पडला, लोक म्हणतात सुटलो. ऑगस्टात हवा ३२ अंश आणि आर्द्रता ऐंशी टक्के असते तेव्हा ओला पारा २९ वर थांबतो. माठ थंड होत नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतो. म्हणजे ४५ अंशांच्या मे महिन्यापेक्षा ३२ अंशांच्या भाद्रपदात टाकीतलं पाणी जास्त गरम राहू शकतं. माझ्या पाहण्यातले बेडूक मे महिन्यापेक्षा पोळा ते दसरा या काळात जास्त दगावतात, कारण तेव्हा मालक निर्धास्त झालेला असतो. या दिवसांत बर्फाशिवाय उपाय नाही. एक लिटरची पाण्याची बाटली गोठवायची आणि बूच घट्ट लावून टाकीत तरंगत सोडायची. साठ लिटर पाण्यात ती वितळून टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाला येईपर्यंत सुमारे पावणेदोन अंशांचा उतार मिळतो. सकाळी एक, दुपारी एक. बर्फाचे खडे सरळ पाण्यात टाकू नका, एकदम आलेला गारवा बेडकाला सोसत नाही.

ड्वार्फ फ्रॉगचं गणित याच्या अगदी उलटं. तो काँगोच्या खोऱ्यातल्या उबदार जंगलातला. त्याला २४ ते २७ अंश हवेत. आपला पावसाळा त्याला झेनोपसइतका जड जात नाही, पण डिसेंबर-जानेवारीत वर्ध्याचा पारा रात्री दहा-बारावर येतो तेव्हा त्याला हीटर लागतो. त्याच दिवसांत झेनोपस मजेत असतो. आमच्या भागात नवशिक्याने कोणता घ्यावा असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: ड्वार्फ घ्या. थंडीत पाणी उबदार ठेवणं सोपं, पावसाळ्यात गार ठेवणं कठीण.

आणखी एक, खास आपल्या घरांसाठी. तांब्याच्या हंड्यात किंवा गुंडात साठवलेलं पाणी टाकीत कधीही घालू नका. आपल्याला ते चांगलं मानतात. बेडकाला तांबं विष आहे. त्याची कातडी पाणी आणि त्यातलं सगळं आत ओढून घेते. म्हणूनच साबणाचा, तेलाचा, क्रीमचा हात पाण्यात घालायचा नाही. डासांचा स्प्रे टाकीच्या खोलीत मारायचा नाही, आणि गल्लीत धुराची फवारणी आली की टाकीवर ओलं कापड पसरून खिडक्या बंद करायच्या. तो मधूनच पातळ कात टाकतो आणि तीच खातो, ते पाहून घाबरू नका, ते निरोगीपणाचं लक्षण आहे. पोट फुग्यासारखं ताणलं गेलं किंवा मांड्यांच्या आतून लाली आली, तर मात्र ताबडतोब हालचाल करा.

खाण्याचं म्हणाल तर वर्ध्यासारखी सोय कुठे नाही. सेंद्रिय शेतीमुळे गांडूळखताचे वाफे जागोजागी आहेत. झेनोपसला जीभ नसते. तो दोन्ही हातांनी गांडूळ तोंडात कोंबतो, आणि ते दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी मला पुरत नाही. खताच्या वाफ्यातलं लाल गांडूळ हाताळलं की कडवट स्राव सोडतं, म्हणून स्वच्छ पाण्यात धुऊन द्या. रासायनिक शेतातलं नको. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा, पिल्लांना रोज. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. नालीतले जिवंत ट्युबिफेक्स देऊ नका. ड्वार्फला गोठवलेले ब्लडवर्म चालतात, पण तो हळू खातो, तेव्हा ते त्याच्या तोंडापाशी चिमट्याने धरा.

हा केपचा बेडूक जगभर पोचला कसा, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लॅन्सलॉट हॉग्बेन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२७ साली केप टाऊनला गेला. पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला की झेनोपसची मादी अंडी घालते, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे गरोदर बाईच्या लघवीतल्या संप्रेरकानेही तेच होतं हे केप टाऊनमध्येच शापिरो आणि झ्वारेनस्टाइन यांनी दाखवलं. लघवीचा अंश मादीला टोचायचा. रात्रभरात अंडी आली तर बातमी पक्की. त्याआधीच्या चाचणीत उंदीर किंवा ससे मारून बघावं लागत होतं. ही मादी जिवंत राहायची आणि पुन्हा उपयोगी पडायची. १९६० च्या दशकापर्यंत असंख्य झेनोपस इस्पितळांना आणि प्रयोगशाळांना पाठवले गेले. आज सावंगी किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात पाच मिनिटांत पट्टीवर दिसणारी रेघ त्याच संप्रेरकाची ओळख पटवते. जॉन गर्डन यांनी १९६२ साली झेनोपसच्याच बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून बेडूक वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. ५० वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं.

त्याच प्रवासामुळे एक धोकाही जगभर गेला असावा, असा संशय संशोधकांना आहे. कायट्रिड बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते. झेनोपसला तिचा फारसा त्रास होत नाही, पण तो ती वाहून नेतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात या रोगामुळे ५०१ उभयचर जाती घटल्याचं आणि त्यांतल्या ९० नष्ट झाल्याचं मानलं गेलं. पुण्याच्या नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्ये या बुरशीचा आशियाई वाण असल्याचं दाखवलं. तेव्हा कंटाळा आला म्हणून झेनोपस धाम नदीत किंवा एखाद्या नाल्यात सोडणं हा गुन्हाच समजा. फ्रान्स, पोर्तुगाल, चिली, कॅलिफोर्निया इथे सुटलेल्या झेनोपसनी स्थानिक तळी बळकावली आहेत. आपल्याकडे पहिल्या पावसात पिवळेजर्द होऊन डबक्यात डरावणारे बेडूक आहेत. पावसासाठी निघणाऱ्या धोंडीच्या वेळी कडुनिंबाच्या डहाळीला बांधले जातात तेही आपलेच. तंगड्यांच्या व्यापारापायी त्यांची इतकी कत्तल झाली की १९८५ साली ते साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेले आणि १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. त्यांना डबक्यातून उचलून टाकीत घालू नका आणि त्यांच्या डबक्यात परका बेडूकही सोडू नका. टाकीचं काढलेलं पाणी नालीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. उन्हात कोरड्या पडणाऱ्या मातीवर, झाडाच्या आळ्यात टाका. जाळी आणि बादली वापरून झाली की उन्हात खडखडीत वाळवा.

बेडूक आजारी पडला तर घरगुती औषधांत वेळ घालवू नका. माणसाचं मलम किंवा माशांच्या औषधाचा अंदाजपंचे डोस त्याला झेपत नाही. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून बेडूक पाहतील का ते विचारा. न्यायचं ते सकाळी सहाच्या आत निघून. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओलं सुती कापड, टाकीतलंच दोन बोटं पाणी, डब्याभोवती ओला टॉवेल. सोबत टाकीतल्या पाण्याची एक वेगळी भरलेली बाटली घ्या आणि त्या आठवड्यातलं पाण्याचं तापमान रोज कितीला होतं ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.