बांगडी, वारसा आणि अतिमानवी नायिका : ‘मिस मार्व्हल’ मालिकेचा पहिला भाग

सुपरहिरो-कथेच्या पहिल्या भागाचे कार्य परंपरेने निश्चित झालेले आहे. सामान्य व्यक्तीला असामान्य शक्ती कशी लाभली, हे त्याने सांगायचे असते. या उगमकथेत शक्तीचा स्रोत कोणता कल्पिला आहे, यावर पुढील साऱ्या कथेची मूल्यदृष्टी बऱ्याच अंशी अवलंबून राहते. स्पायडरमॅनला कोळी चावतो, तो निव्वळ अपघात असतो. सुपरमॅन परग्रहावरून शक्ती जन्मतःच घेऊन येतो. वंडर वूमन ही अमेझॉन स्त्रियांच्या राणीची कन्या असते. ८ जून २०२२ रोजी डिस्ने प्लसवर प्रदर्शित झालेला ‘मिस मार्व्हल’ या सहा भागांच्या मालिकेचा ‘जनरेशन व्हाय’ हा पहिला भाग तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय ठरतो, तो येथेच. कॉमिकमधून दूरचित्रमालिकेत येताना या कथेतील शक्तीचा स्रोत बदलला गेला, आणि त्याच्या जागी एक बांगडी आली.

मूळ संहिता प्रथम पाहणे आवश्यक आहे. न्यू जर्सीतील जर्सी सिटी या शहरात वाढणारी पाकिस्तानी-अमेरिकन कुटुंबातील कमला खान ही व्यक्तिरेखा २०१३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिकविश्वात अवतरली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत तिच्या नावाची स्वतंत्र अंकमालिका सुरू झाली. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांची ही निर्मिती. पहिल्याच अंकात कमलाभोवती एक गूढ धुके दाटते आणि तिला कॅप्टन मार्व्हल, आयर्न मॅन व कॅप्टन अमेरिका यांचे दर्शन घडते. या अमेरिकन दैवतांच्या तोंडी अमीर खुस्रोची वसंतवर्णनपर रचना घातलेली आहे! तुला काय व्हायचे आहे, या प्रश्नाला कमलाचे उत्तर असते ते कॅप्टन मार्व्हलसारखे होण्याचे. परिणामी ती खरोखरच गोरी, सोनेरी केसांची होऊन बाहेर पडते. शरीराचा आकार पालटण्याची शक्ती तिला मिळते. पण त्या शक्तीचे पहिले रूप उसने असते. स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीच्या मनातील न्यूनगंडाचे इतके थेट दृश्यरूप लोकप्रिय साहित्यात क्वचितच आढळेल. पुढे ते उसने अंग तिला अडचणीचे वाटू लागते, आणि स्वतःच्या रूपात परतणे हाच कथेचा विषय बनतो.

मालिकेच्या पटकथाकार बिशा के. अली आणि या भागाचे दिग्दर्शक आदिल अल अर्बी व बिलाल फलाह यांनी ही रूपांतराची घटना पूर्णपणे वगळली आहे. येथील कमला (इमान वेल्लानी) कॅप्टन मार्व्हलचे केवळ सोंग घेते. ॲव्हेंजरकॉन नावाच्या चाहत्यांच्या मेळाव्यात वेशभूषा-स्पर्धा असते आणि तिला तेथे जायचे असते. रात्रीच्या कार्यक्रमाला जाण्यास आईवडील नकार देतात. नंतर ते तडजोड सुचवतात : वडिलांनी सोबत जावे, आणि बापलेकींनी हल्कचा वेश करावा. हा वेश म्हणजे हिरव्या रंगाचे सलवार-कमीज. कमलाला त्याची लाज वाटते आणि ती तसे बोलून दाखवते. हौसेने हिरवा रंग फासून उभ्या राहिलेल्या यूसुफचा चेहरा त्या क्षणी उतरतो. भागातील हा सर्वांत सकस प्रसंग होय. अमेरिकन मिथकाचे देशी शिवणीत केलेले भाषांतर बाप लेकीपुढे ठेवतो आणि लेक ते नाकारते. मूळ कॉमिकमधील गोऱ्या कातडीच्या रूपकाचे काम येथे एका कमीजने केले आहे.

याच घरात कराचीहून आजीने धाडलेली एक पेटी आलेली असते. तीत जुन्यापान्या वस्तूंसोबत एक बांगडी निघते. आई मुनीबा ती अडगळ म्हणून बाजूला सारते. कमला मात्र आपला वेश उठून दिसावा म्हणून तीच बांगडी मंचावर मनगटात चढवते, आणि शक्ती जागी होते. अनुकरणाच्या परमोच्च क्षणी वारसा प्रकट व्हावा, ही योजना हेतुपूर्वक केलेली दिसते.

मराठी वाचकाला येथे एक वेगळाच नाद ऐकू येईल. ‘हातात बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा आपल्याकडे पौरुषाला दिलेला डिवचणारा प्रश्न. हिंदी-उर्दूतही ‘चूडियाँ पहनना’ हा वाक्प्रचार त्याच अर्थाने रूढ आहे. मालिकेतील अलंकार रुंद असून दिसायला तो आपल्या कड्याच्या अधिक जवळचा आहे, आणि कडे तर पुरुषही वापरतात. तरीही मालिका त्याला बांगडीच म्हणते. दुर्बलतेचे भाषिक चिन्ह अशा रीतीने सामर्थ्याचे अधिष्ठान होते.

भारतीय साहित्यपरंपरेत याहून जवळचा संदर्भ ‘अभिज्ञानशाकुंतल’मधील मुद्रिकेचा आहे. तेथेही स्मृती वस्तूत साठवलेली असते. वस्तू हरवली की नाते विस्मरणात जाते आणि सापडली की ओळख पटते. मात्र दिशा उलट आहे. कालिदासाची मुद्रिका विसरलेल्या राजाला त्याचाच भूतकाळ परत देते. कमलाला मिळणारी बांगडी तिने कधी न जगलेला भूतकाळ तिच्यावर सोपवते. शिवाय येथे विस्मरण कोणाच्या शापाने आलेले नाही, ते आईने जाणूनबुजून स्वीकारलेले आहे. हा भूतकाळ १९४७ च्या फाळणीचा आहे, हे पाचव्या भागात उलगडते. कॉमिकमध्येही २०१६ च्या एका अंकात कमलाचे पूर्वज मुंबई सोडून कराचीकडे निघताना दाखवले आहेत. मुनीबा आणि यूसुफ यांच्या भूमिका झेनोबिया श्रॉफ व मोहन कपूर या भारतीय कलावंतांनी केल्या आहेत, ही बाबही या संदर्भात अगदीच क्षुल्लक नाही. पाकिस्तानात डिस्ने प्लसची सेवा नसल्याने तेथे मालिकेचे भाग चित्रपटगृहांत दाखवले गेले.

तथापि या बदलाची किंमतही मोजावी लागली आहे. धुक्याचा परिणामही विशिष्ट जनुके असलेल्यांवरच होतो, म्हणजे कॉमिकमधली शक्तीही एका अर्थी आनुवंशिकच. पण त्या वंशाला स्मृती नव्हती, आणि म्हणून कमलाची निवड तिची स्वतःची राहत होती. बांगडीने तिला पूर्वजा दिल्या, इतिहास दिला. त्याबरोबरच ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आधीच ठरवूनही टाकले. शरीर पालटण्याच्या शक्तीत जो अस्वस्थ करणारा, काहीसा कुरूप असा मोकळेपणा होता, तो प्रकाशाच्या सुबक आकारांत उरलेला नाही.

पटकथेला या अडचणीची जाण असावी, असे शेवटच्या प्रसंगावरून वाटते. मेळाव्यातील गोंधळात लांबलेल्या प्रकाशमय हाताने वर्गमैत्रीण झोईला वाचवून कमला चोरपावलांनी घरी परतते, तेव्हा मुनीबा तिच्या खोलीत वाट पाहत बसलेली असते. आम्ही घडवली तशी भली मुलगी व्हायचे आहे, की ढगांत डोके असलेली कुणी वैश्विक व्यक्ती, असे ती विचारते. आई निघून गेल्यावर कमला बांगडीकडे पाहते आणि एकाच शब्दात उत्तर देते : ‘कॉस्मिक’. ते ऐकायला खोलीत तेव्हा कोणीही नसते.