बाळ पेटीत, आई कुठे?

"ताई, बाळाला पेटीत ठेवलंय. आम्हाला बघू देत नाहीत. घरी घेऊन येऊ का?"

रात्री अकरा वाजता वस्तीतून फोन आला. बाळ दोन महिने आधी जन्मलेलं, वजन 1400 ग्रॅम. बापाला खर्चाची धास्ती होती. आजी म्हणत होती, एवढ्याशा जिवाला नळ्या कशाला? बाळंतीण वेगळ्या वॉर्डात एकटी रडत होती. मी एवढंच म्हणाले, "बाळाला हलवू नका. सकाळी येते."

त्या रात्री बाळ घरी आलं असतं, तर बहुधा वाचलं नसतं.

पेटी कशासाठी?

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजतात. त्याच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे ते पटकन गार पडतं. पेटी त्याला ऊब देते. फुप्फुसं कच्ची असतात, म्हणून नाकाला लावलेल्या नळीतून दाबाने हवा देतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर दूध नळीने पोटात जातं. कावीळ असेल तर निळ्या दिव्याखाली ठेवतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधतात.

यंत्र वाजलं की आईबापाच्या काळजात धस्स होतं. पुष्कळदा पायाची तार सरकलेली असते. यंत्राला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्यानेही घाबरू नका.

आईचं काम

नोकरीच्या सुरुवातीला मीही आयांना दाराबाहेर ठेवलं आहे. "जंतू येतील, बाहेर थांबा," असं तोडून बोलले आहे. आज त्याचं वाईट वाटतं. हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेली आई हा बाळाला धोका नाही, ती त्याच्या उपचाराचा भाग आहे. भारत सरकारनेही 2017 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आईवडिलांना अशा कक्षातल्या काळजीत सहभागी करून घ्यायला सांगितलं आहे.

पहिलं काम दुधाचं. बाळ चोखत नसलं तरी पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागा. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ वेळा. सुरुवातीला थेंबच येतात, पण तो पिवळसर चीक वाया घालवू नका. दूध आलंच नाही तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून अशी पेढी आहे.

दुसरं काम छातीशी धरण्याचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आपल्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापड गुंडाळायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसातून 8 ते 24 तास असं धरायला सांगते. हे बाप, आजी, मावशी कोणीही करू शकतं. कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि रोज विचारा.

पैशाची भीती

सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. हे उपकार नाहीत, हक्क आहे. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर चिठ्ठी जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी आशाताईला किंवा जाणत्या कार्यकर्त्याला फोन करा.

घरी जाताना

डोळे तपासल्याशिवाय राहू नका. 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासावाच लागतो. फारच लहान बाळाचा त्याआधी. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. कानांची तपासणीही विचारून घ्या.

बाळ दूध घेईनासं झालं, अंग गार किंवा गरम लागलं, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त झाला, छाती आत ओढली गेली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

आणि सुनेला बोल लावू नका. "पोटात सांभाळता आलं नाही" हे वाक्य त्या वॉर्डात मी फार वेळा ऐकलं. दिवस आधी भरण्यामागे रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी बाळं अशी अनेक कारणं असतात. कित्येकदा कारण सापडतच नाही. उपाशी, टोमणे खाणारी आई दर तीन तासांनी उठून दूध कसं काढणार? तिला गरम भाकरी-भाजी न्या, तिच्याजवळ बसा.

ते बाळ 26 दिवसांनी घरी आलं. घरी नेऊ का विचारणारा तो बाप शेवटचे दहा दिवस शर्टाची बटणं सोडून, बाळाला छातीशी धरून कक्षात बसायचा. शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या बापाला तोच समजावत होता, "नेऊ नको रे. थांब."