'कमजोरी' : एक शब्द, तीन तक्रारी

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुरगी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी, दखनी व कन्नड शेजारी शेजारी नांदतात. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात असल्याने अनेक उर्दू शब्द येथील मराठीत रुळले. 'कमजोरी' हा त्यांपैकीच एक. पुरुषांच्या लैंगिक तक्रारींसाठी तोच सर्रास वापरला जातो आणि गैरसमजाची सुरुवात तेथेच होते.

वस्तुतः या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली शीघ्रपतन, दुसरी लिंगाला पुरेशी ताठरता न येणे आणि तिसरी 'धात जाण्याची' भीती. युनानी वैद्यकात यांना अनुक्रमे सुरअत-ए-इन्जाल, जोफ-ए-बाह व जिरयान अशी स्वतंत्र नावे आहेत. जाहिरातींनी मात्र तिन्हींची सरमिसळ केली.

शीघ्रपतन कशाला म्हणावे? लैंगिक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये व्याख्या केली. पहिल्या संबंधापासूनच सुमारे १ मिनिटाच्या आत वीर्यपात होणे, किंवा पूर्वी ठीक असलेला काळ घटून सुमारे ३ मिनिटांवर येणे. त्याबरोबर ताबा न राहणे आणि त्यामुळे मनस्ताप होणे, या तिन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील पाहणीत हा काळ घड्याळ लावून मोजला, तेव्हा मध्यक ५.४ मिनिटे आला. म्हणजेच अर्धा तास टिकणे हीच मर्दानगी, ही समजूत निराधार आहे.

उपायही तक्रारीनुसार बदलतात. शीघ्रपतनासाठी जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत मांडली. वीर्यपात जवळ आल्याचे जाणवताच थांबायचे, आवेग ओसरला की पुन्हा सुरुवात करायची. यासाठी पत्नीचे सहकार्य लागते, म्हणून तिच्याशी मोकळेपणाने बोलणे हा उपचाराचाच भाग होय. ओटीपोटाखालच्या स्नायूंचा व्यायाम, बधिरता आणणारे मलम आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली डॅपोक्सेटिनसारखी गोळी यांचाही उपयोग होतो. ताठरतेची तक्रार असल्यास मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व तंबाखूचे व्यसन तपासावे लागते. झोपेत वीर्य जाणे नैसर्गिक आहे. त्याने शक्ती घटत नाही. या भीतीतून येणाऱ्या त्रासाला डॉ. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. तेथे धीर देणे व समजावून सांगणे हेच मुख्य औषध.

तिन्हींवर एकच पुडी देणारा म्हणूनच विश्वासार्ह नव्हे. लैंगिक शक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. 'निव्वळ जडीबुटी' म्हणून विकलेल्या औषधांत सिल्डेनाफिल मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब त्यामुळे एकाएकी घसरून जीव जाऊ शकतो. वीर्यस्तंभनासाठी अफू घेणाऱ्यास व्यसन जडते.

बीदर व कलबुरगी या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे जाणाऱ्याने केवळ 'कमजोरी आहे' असे न सांगता त्रास केव्हापासून आहे, दर वेळी होतो की कधीमधी, ताठरता टिकते का आणि कोणती औषधे चालू आहेत, या चार गोष्टी सांगाव्यात. तक्रारीला नेमके नाव मिळाले की निम्मी लाज आणि निम्मा खर्च तेथेच वाचतो.