सेकंड हँड गाडी: इंजिन उघडलंय की बदललंय?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला: गाडी बाहेरून चकाचक आहे, पण इंजिनचं काम झालंय का, हे कसं ओळखायचं? अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच खरा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. कूलंट कमी असलं की इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि गॅरेजवाला म्हणतो, "भाऊ, हाफ इंजिन करा लागते."

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. इंजिन खोलून रिंगा, पिस्टन, बेअरिंग बदलले तर ते रिबिल्ड. ब्लॉक तोच, नंबरही तोच. अख्खं इंजिनच दुसरं बसवलं, तर नंबर बदलतो. पहिल्यात फार तर पैसे जातील. दुसऱ्यात कागद नसला तर गाडीच अडकते.

म्हणून सुरुवात नंबरपासून. तो ब्लॉकवर कोरलेला असतो, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या जोडाजवळ. तिथं तेल-मातीचा थर असतोच. डिझेलच्या फडक्यानं पुसा, टॉर्च लावून फोटो काढा, झूम करा. मग मालकाला त्याच्या डिजिलॉकरमधली आरसी उघडायला सांगा आणि एकेक अक्षर जुळवा. आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर चहासुद्धा न पिता निघा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावीच लागते. आरसीवर नवा नंबर चढलेला असेल, तर बदललेलं इंजिन घ्यायला माझी हरकत नाही. नोंद नसेल तर ते चोरीचंही असू शकतं. शिवाय अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पॉलिसीवरचा नंबर जुळवतो, आणि क्लेम तिथंच लटकतो. "नंबर मी चढवून देतो ना बाप्पा" या शब्दावर टोकन देऊ नका.

रिबिल्ड मात्र नंबरवरून कळत नाही. तिथं बोल्ट बघायचे. हेडच्या आणि ऑइल पॅनच्या बोल्टांवर पान्याचे ताजे घाव, जोडातून बाहेर आलेलं सिलिकॉन, बाकी सगळं गंजलेलं आणि ब्लॉक तेवढा लख्ख, म्हणजे इंजिन उघडलंय. त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे कोणी कोड बदलला की कमिट राहतो; गाडीत तो कमिट म्हणजे बिल. स्पेअर पार्टचं आणि लेथवाल्याचं, दोन्ही मागा. बोअर केलं असेल तर पिस्टन ओव्हरसाइझ लागतात, ते बिलावर दिसतं. बिल नाही, तर काम कसं झालं ते कॉम्प्रेशन टेस्टच सांगेल. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर व्यवहार थांबवा.

गाडी थंड असतानाच बघायला जा. बोनेटला हात लावा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय. पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग हायवेला काढा. लोणी ते माना हा पट्टा त्यासाठी उत्तम, तोच तो, जिथं जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. अर्धा तास चालवून ढाब्यावर थांबा, इंजिन चालूच ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. भसाभसा धूर आला तर रिंगा गेल्या. रेडिएटरचं झाकण मात्र तेव्हा उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.