दिवसाढवळ्या दिवा कशाला? सायकलच्या मागच्या दिव्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जळतच राहतो. सुरुवातीला सिग्नलवर लोक एकमेकांना हात करून सांगायचे, ‘अहो, लाइट चालू राहिलाय.’ आता कुणी सांगत नाही. भर दुपारीही दिवा समोरच्याच्या नजरेत भरण्यासाठी असतो, हे दुचाकीच्या बाबतीत सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. दुचाकीहून बारीक, हळू आणि आवाज न करणारी सायकल मात्र याच रस्त्यांवर बिनदिव्याची चालते.

मुंबईच्या उपनगरांत सायकलवाल्याला मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने जाण्यावाचून पर्याय नाही. पवई तलावाकाठच्या सायकल ट्रॅकचे काम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवले. तलावासाठी ते योग्यच झाले. मुलुंडपासून जलवाहिनीच्या कडेने आखलेला ‘हरित वारी जलतीरी’ हा ३९ किलोमीटरचा मार्ग कल्पना म्हणून सुंदर आहे. पण अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याची किंवा बोरिवलीत दूध टाकणाऱ्याची वाट त्या बाजूने जात नाही. त्याच्या वाट्याला स्वामी विवेकानंद मार्ग, लाल बहादूर शास्त्री मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि दोन द्रुतगती महामार्गच येतात. म्हणून मागच्या दिव्याविषयीचे गैरसमज नीट तपासून घ्यायला हवेत.

‘उन्हात दिवा दिसतच नाही’

कमजोर दिव्याच्या बाबतीत हे खरे आहे. रात्री दिव्यांच्या रस्त्यावर साधारण १० ते २० लक्स उजेड असतो, तर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. रात्रीसाठी बनवलेला छोटा लाल दिवा त्या लखलखाटात हरवून जातो. त्यासाठीच दिवसाचा म्हणून वेगळा, अधिक प्रखर दिवा लागतो.

पण आपण सायकल चालवतो तिथे सलग ऊन असते कुठे? पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरी ते दहिसर मेट्रो डोक्यावरून जाते, न्यू लिंक रोडवरही तेच. दोन्ही रस्ते उत्तर-दक्षिण. त्यामुळे सकाळी मेट्रोच्या पुलाची सावली पश्चिमेच्या, म्हणजे बोरिवलीकडे जाणाऱ्या बाजूवर पडते आणि संध्याकाळी अंधेरीकडे येणाऱ्या बाजूवर. आरेच्या रस्त्यावर झाडांची गर्द छाया. उन्हातून एकदम सावलीत शिरणाऱ्या चालकाच्या डोळ्यांना सावरायला क्षणभर वेळ लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी काळ्या सायकलवरचा करड्या शर्टातला माणूस सावलीत मिसळून जातो. तिथे प्रखर लाल दिवा लांबून उठून दिसतो. पावसाळ्यात तर आकाश असे भरून येते की उजेड दुपारच्या उन्हाच्या काही टक्क्यांवर उतरतो, वर गाड्यांच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याचा पडदा. जून ते सप्टेंबर मुंबईत दिवसाचा दिवा लावणे हा माझ्या मते चर्चेचाच विषय नाही.

एका ठिकाणी मात्र दिव्यावर भरवसा ठेवू नये. जोगेश्वरी-विक्रोळी आणि गोरेगाव-मुलुंड लिंक रोड पूर्व-पश्चिम जातात. सकाळी पूर्वेकडे जाताना मागच्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य असतो, काच धुळकट असेल तर त्याला पुढचे सगळे पांढरे दिसते. त्या वेळी शक्य असेल तर सर्व्हिस रोड धरावा किंवा अर्धा तास उशिरा निघावे.

‘मी कडेने जातो, मागच्याला दिसतोच की’

दिसणे आणि वेळेवर दिसणे यांत जीव वाचण्याइतके अंतर आहे. तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात आणि मागची गाडी ६० ने येते आहे. तुमच्यामधले अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होते. चालकाने तुम्हाला ५० मीटरवर हेरले, तर त्याच्या हातात ४ सेकंद उरतात. त्यातले दीड-दोन सेकंद समजण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यात जातात, शेजारच्या लेनमध्ये बेस्टची बस असेल तर वळायला जागाही नसते. हेच २०० मीटरवर हेरले तर १६ सेकंद मिळतात. तो आरशात पाहून, सावकाश बाजूला होऊन जातो आणि तुम्हाला काही झाल्याचे कळतही नाही. दिवसाच्या दिव्याचे काम हे मधले १२ सेकंद मिळवून देण्याचे आहे.

त्यामुळेच घाटकोपर किंवा कुर्ल्याच्या कोंडीत, जिथे सगळेच ताशी दहाने सरकतात, तिथे या दिव्याचा उपयोग कमी. महामार्गावर, उड्डाणपुलाच्या चढावर आणि सर्व्हिस रोड मुख्य रस्त्याला मिळतो त्या तोंडांशी त्याची खरी गरज.

‘जास्त लुमेनचा दिवा घेतला की झाले’

खरेदीत सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा प्रकाश. मागच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्याच्या दिशेने किती तीव्र प्रकाश जातो ते सांगणारे माप कॅन्डेला. ५० लुमेन २० अंशांच्या शंकूत एकवटले तर त्या दिशेने सुमारे ५०० कॅन्डेला मिळतात; तेच ५० लुमेन अर्ध्या गोलात पसरले तर जेमतेम ८. खोक्यावरचा आकडा दोन्ही वेळा एकच असतो.

दिवसासाठीच्या नामांकित मागच्या दिव्यांची ताकद साधारण ५० ते १०० लुमेनच्या घरात असते. उदाहरणार्थ, ट्रेक कंपनीच्या ‘फ्लेअर आर’ या दिव्याचा दिवसाचा झोत ६५ लुमेनचा होता आणि तो २ किलोमीटरवरून दिसतो असा कंपनीचा दावा होता. तिथे आकड्यापेक्षा प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचे काम मोठे. फार अरुंद झोतही नको, कारण रस्ता वळला की तो भलतीकडे जातो. मधोमध तीव्र झोत आणि कडेला थोडा पसारा, अशी रचना असलेला दिवा निवडावा.

स्वस्त दिव्यांवरचे आकडे तपासायची एक सोपी युक्ती आहे: बॅटरी बघा. लाल एलईडीतून १०० लुमेन काढायला ढोबळमानाने दीड वॉट तरी लागतात. घड्याळात असतो तसा बटण सेल, सीआर २०३२, जेमतेम पाऊण वॉट-तासाची ऊर्जा साठवतो आणि एवढा प्रवाह तो देऊच शकत नाही. बटण सेलवर चालणाऱ्या दिव्यावर ‘१०० लुमेन’ छापलेले असेल तर दुकानदाराला तो परत द्यावा. तसेच ‘४० तास चालतो’ हा आकडा बहुधा सर्वांत मंद लुकलुकीचा असतो. दिवसाच्या प्रखर मोडमध्ये किती तास, हे विचारावे. बोरिवली ते अंधेरी जाऊन-येऊन दोन-अडीच तास धरले, तर पाच-सहा तास टिकणारा दिवा दोन दिवस पुरतो.

बसवण्याची जागा आणि कोन

हजारो रुपयांचा दिवा वाया घालवायचा असेल तर तो सीटच्या दांडीला कसाही आवळावा. दांडी सरळ उभी नसते, वर जाताना मागे कललेली असते. तिला काटकोनात बसवलेला दिवा मागे बघण्याऐवजी रस्त्याकडे बघतो. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल आणि फक्त ५ अंश खाली झुकला असेल, तर झोताचा मध्य तुमच्या मागे नऊ-दहा मीटरवर डांबरात शिरतो. दोनशे मीटरवरच्या चालकाला काय दिसणार? संध्याकाळी सायकल भिंतीजवळ पाठ करून उभी करा, झोताचा मध्य भिंतीवर कुठे पडतो तिथे खूण करा आणि सायकल चार-पाच मीटर पुढे न्या. झोत त्याच उंचीवर राहिला पाहिजे.

आपल्याकडच्या कामाच्या सायकलींचा प्रश्न निराळा आहे. कॅरिअरवर दुधाच्या पिशव्या, डबे, इस्त्रीच्या कपड्यांचे गाठोडे लादले की सीटखालचा दिवा पूर्ण झाकला जातो. पावसाळ्यात रेनकोटची मागची बाजूही त्याच्यावर लोंबते. अशा सायकलला दिवा कॅरिअरच्या अगदी मागच्या पट्टीला किंवा मडगार्डच्या टोकाला, पण घट्ट, बसवावा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा आणि लाल रिफ्लेक्टर असायचा, तो जागा बघूनच दिलेला होता.

‘रिफ्लेक्टर आहे, तेवढा पुरे’

रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश देत नाही. ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेला तो परत पाठवतो. रात्री मागच्या गाडीचे दिवे त्याच्यावर पडतात म्हणून तो चालकाला चमकताना दिसतो. दिवसा मोटारीचे दिवे बंद असतात; सूर्याचा उजेड रिफ्लेक्टर सूर्याकडेच धाडतो. म्हणजे रात्री तो हवाच, दिवसा त्याचा जवळपास उपयोग नाही. दिवसा उपयोगी पडते ते फ्लुरोसंट पोपटी किंवा नारिंगी जॅकेट, कारण ते उन्हातले अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकते. डेन्मार्कमध्ये ६,७९३ सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगात असे पिवळे जॅकेट घालणाऱ्यांचे इतर वाहनांशी वा माणसांशी होणारे इजेचे अपघात, नोंदींतला कल वजा करूनही, ३८ टक्क्यांनी कमी आढळले. दिवा परवडत नसेल तर जॅकेटपासून सुरुवात करावी.

‘लुकलुकणारा दिवा नेहमीच चांगला’

दिवसा, होय. अनियमित लयीत चमकणारा प्रखर दिवा नजर खेचतो. अंधारात मात्र त्याच्यामुळे मागच्याला अंतराचा अंदाज घेणे जड जाते, आणि दिवसाची पूर्ण ताकद रात्री डोळे दिपवते. जर्मनीत सायकलवर लुकलुकणाऱ्या दिव्याला परवानगी नाही, ब्रिटनमध्ये ती २००५ पासून आहे. कायदे वेगळे असले तरी आपल्यापुरता नियम सोपा ठेवता येईल: उजेडात लुकलुकता आणि प्रखर, दिवे लागणीनंतर स्थिर आणि मंद. रविवारी सकाळी गटाने जाणाऱ्यांनी लुकलुकता दिवा फक्त सर्वांत मागच्याच्या सायकलवर ठेवावा. मधल्यांच्या दिव्यांनी सोबत्यांनाच तासन्‌तास त्रास होतो.

पावसाविषयी थोडक्यात. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला अर्थ नाही, आयपी क्रमांक बघावा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ६ म्हणजे जोराचा झोत सोसणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तगणारा. ७ लिहिलेला दिवा ६ च्या परीक्षेत उतरलेला असतोच असे नाही. मुंबईच्या पावसाला ६ किंवा दोन्ही हवेत. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण गेले की क्रमांक कितीही असो, पाणी आत जाते.

‘पहाटे रस्ता मोकळा असतो, धोका नाही’

मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमाराला नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर सायकल चालवताना अवतार सैनी यांना टॅक्सीने मागून धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. इंटेलच्या ३८६, ४८६ आणि पेंटियम या प्रोसेसरांच्या जडणघडणीत त्यांचा वाटा होता. ते चेंबूरला राहत, वय ६८. दिव्याने तो अपघात टळला असता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. भरधाव गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी सायकलवाल्याच्या दिव्यावर ढकलता येत नाही, आणि हा लेखही ती ढकलत नाही.

दिव्याने काय साधते याचा एक चांगला पुरावा डेन्मार्कच्याच ओडेन्स शहरातला आहे. तिथे २००४-०५ मध्ये वर्षभर १,८४५ सायकलींना पुढे-मागे कायम चालू राहणारे दिवे दिले गेले आणि २,००० सायकली त्यांच्याशिवाय चालल्या. दिवेवाल्यांचे इजेचे सगळे अपघात धरून प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. ते शहर मुंबई नव्हे, आणि अपघातांची माहिती सायकलस्वारांनी स्वतः दिलेली होती. तरी शंभरातले एकोणीस ही लहान गोष्ट नाही. डावीकडे वळणारा ट्रक, रिक्षाचा अचानक उतरणारा प्रवासी, उलट दिशेने येणारी मोटारसायकल यांच्यापासून मागचा दिवा वाचवत नाही. मागून वेगाने येणाऱ्या, आणि नजर असूनही लक्ष नसलेल्या चालकापासून वाचण्याची संधी तो वाढवतो.

छंदासाठी सायकल चालवणाऱ्यांकडे आता बरे दिवे दिसतात. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांनाच आपण रोज दारात भेटतो: पहाटे पेपर टाकणारा मुलगा, दूधवाले काका, रात्रपाळी संपवून सायकलने घरी जाणारे वॉचमन. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या वॉचमनच्या आणि दूधवाल्याच्या सायकलींना एकेक चांगला मागचा दिवा घेऊन द्या, तो कॅरिअरच्या टोकाला सरळ बसवून द्या, आणि रात्री सोसायटीच्या केबिनमध्येच तो चार्ज करायची सोय करा.