वाट आधी बुडते

पोरांनो, आत जाऊन आजीची परात घेऊन या. मोठी, पितळेची. सोबत एक पेला, एक वाटी, मूठभर जोंधळे आणि पाण्याची कळशी आणा. आजी ओरडली तर सांगा, आबांनी मागितलंय. आणि मग इथं सोप्यात माझ्याजवळ बसा. आज पाऊस काही तुम्हाला बाहेर सोडत नाही.

धाकटी मघापासून एकच विचारते आहे. आबा, नदी वाढली तर आपण जायचं की राहायचं? बाळ, तुझा प्रश्न लहान नाही. पंचगंगेच्या काठावर चांगली जाणती माणसं या प्रश्नाला चुकलीत. मीही चुकलोय, ते पुढं सांगतो. आधी परात.

परातीच्या मधोमध पेला ठेवा. ही आपली नदी. परातीच्या काठाकडं वाटी पालथी घाला. हे आपलं घर, जरा उंचावर. आता वाटीपासून परातीच्या काठापर्यंत जोंधळ्यांची एक ओळ मांडा. ही गावाबाहेर जायची वाट. झालं? आता थोरल्या, कळशीतलं पाणी पेल्यात ओत. बारीक धार, एकसारखी. आणि धाकटे, तू पेल्यातलं पाणी कसं चढतं ते बघत राहा.

बघ, किती भरभर चढतंय. बोटभर, दोन बोटं, पाऊण पेला. पेला अरुंद आहे ना, थोडं पाणी पडलं तरी पातळी उडी मारते. नदी पात्रात असते तेव्हा अशीच चढते. आता पेला काठोकाठ भरला. आणि आता? पातळी थांबली! थोरल्यानं धार थांबवलीय का? नाही. पाणी तेवढंच पडतंय, पण ते आता वर चढण्याऐवजी परातीत पसरतंय. काठावर उभं राहून पेल्याकडं बघणाऱ्याला वाटणार, चला, पूर ठरला. आणि तेवढ्या वेळात परातीत काय झालं बघा. जोंधळे पाण्याखाली गेले. ओळ मोडली. वाटी अजून कोरडी आहे, पण वाट गेली.

हे नीट बघून ठेवा. घर उंचावर बांधतात, देवळाजवळ, पांढरीत. रस्ता मात्र शेतातून, ओढ्यावरून, सखल भागातून जातो. म्हणून घराच्या उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी रस्ता पाण्याखाली जातो. उंबऱ्याकडं बघून निघायचं ठरवणारा माणूस निघतो तेव्हा त्याला जायला जागाच उरलेली नसते. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. एवढा मोठा महामार्ग! रत्नागिरीकडं जाणारा रस्ता केर्लीपाशी बंद होतो, हे तर आपण दर मोठ्या पुरात बघतो.

आता आपली नदी समजून घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी ही पंचगंगा. प्रयाग चिखलीपाशी ती एक होते. चारही उघड्या नद्या सह्याद्रीच्या घाटमाथ्याकडून येतात, आणि तिकडं पाऊस कसा पडतो ते तुम्ही गगनबावड्याला गेलात तेव्हा बघितलंच आहे. चौघींना एकाच दिवशी पाणी आलं की ते सगळं एकाच पात्रात घुसतं.

भोगावतीवर राधानगरीचं धरण आहे, राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं. त्या धरणाची एक करामत मला लहानपणापासून भुरळ घालते. त्याला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरून पाणी ठरल्या पातळीला पोचलं की दार आपोआप उघडतं, पातळी उतरली की आपोआप मिटतं. बटण दाबायला माणूस लागत नाही, वीज लागत नाही. एका दारातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरांच्या आसपास. गुणून बघ थोरल्या. सेकंदाला सुमारे 40,000 लिटर, म्हणजे 40 टन. तू ‘एक’ म्हणेपर्यंत 40 टन पाणी खाली आलेलं असतं, आणि हे फक्त एका दाराचं. म्हणून बातमीत ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ असं ऐकलं की आपल्या गावात माणसं गप्प होतात. पण घाबरून नव्हे. ते पाणी लगेच आपल्या दारात येत नाही, त्याला नदीच्या वाटेनं उतरायला तास लागतात. तेवढे तास निसर्गानं आपल्याला दिलेले असतात.

दुसरं कोडं खाली, नृसिंहवाडीला. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. पाण्याला वाहायला ढाळ लागतो. पुढची पातळी खाली आणि मागची वर असली तरच ते पुढं सरकतं. कृष्णा तुडुंब भरली की संगमापाशी तिची पातळी वर येते, आपल्या नदीचा ढाळ कमी होतो आणि पाणी मागं तुंबत येतं. याला आपल्याकडं फुगवटा म्हणतात. म्हणून कधी कधी पाऊस उघडतो, ऊन पडतं, आणि पाणी तरी चढतच राहतं. आभाळाकडं बघून पुराचा अंदाज करणारा इथंच फसतो.

मीही फसलो, पण माझी चूक जरा निराळी होती.

2005 चा पूर आला तेव्हा आपल्या परड्यातल्या भिंतीवर मी पाण्याची खूण करून ठेवली होती. कोळशानं रेघ मारली, वर साल लिहिलं. पुढं 14 वर्षं आल्यागेल्याला ती रेघ मी अभिमानानं दाखवायचो. 2019 ला पाणी यायला लागलं, गावातली माणसं गाड्या भरू लागली, तर मी म्हणालो, 2005 ला पाणी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं, आताही येणार नाही. तुम्हाला आणि तुमच्या आईबापाला पुढं पाठवलं. मी आणि आजी मागं राहिलो, चार म्हशींसाठी. दुपारी रस्ता गेला. पाणी रात्रीत त्या रेघेवर चढलं आणि रेघच दिसेनाशी झाली. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी म्हशींची दावी कापली. जनावर पोहतं, पण बांधलेलं असेल तर जागेवर मरतं. दोन रात्री आम्ही माडीवर काढल्या. नंतर बोट आली. तीन म्हशी पुढं सापडल्या, चौथी आली नाही.

त्या साली आपल्या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, ते 56 फुटांच्याही वर गेलं. माझी रेघ खोटी नव्हती. पण ती एका वर्षाच्या पुराची रेघ होती, आणि मी तिला नदीची हद्द समजलो.

2019 ला आम्ही माडीवर होतो त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं होती. त्या माणसांना मी चुकलेली म्हणणार नाही. पण बोटीची गरज पडते ती रस्ता गेल्यावर, आणि तेव्हा प्रत्येकालाच पहिल्या फेरीत जायचं असतं.

आता मुंग्यांची गोष्ट सांगतो. माडीवर बसलो असताना भिंतीवरून मुंग्या अंडी तोंडात धरून चढताना दिसत होत्या. पुढं मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

डायाकामा नावाची एक काळसर मुंगी भारतात आढळते, सुमारे 1 सेंटीमीटर लांब. तिच्या वारुळात राणी नसते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत तिच्यावर बराच अभ्यास झालाय. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं म्हणून या मुंग्या त्या दिवसांत जास्त वेळा बिऱ्हाड हलवतात. कसं हलवतात ते ऐका. एक मुंगी नवी जागा बघून येते. मग ती घरातल्या एकीला मागं घेऊन निघते. मागची मुंगी पुढचीला मिशांनी सतत स्पर्श करत चालते. स्पर्श तुटला की पुढची थांबते, मागची येईपर्यंत वाट बघते, मग पुन्हा निघते. अशी जोडी-जोडीनं सगळी वसाहत नव्या घरी पोचते. तुझ्या आजीचा हात धरून मी पायऱ्या उतरतो ना, तसं.

विलायतेत टेम्नोथोरॅक्स नावाची त्याहून बारीक मुंगी आहे, खडकाच्या फटीत राहते. ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी तिच्याविषयी जे शोधलंय ते वाचून मी रात्रभर जागा होतो. तिथं हुकूम देणारं कुणी नसतं. टेहळ्या मुंग्या जागा बघून येतात. जागा चांगली असेल तर लगेच दुसरीला आणतात, बेताची असेल तर घुटमळतात. त्यामुळं चांगल्या जागी आपोआप गर्दी वाढते. नव्या जागी ठरावीक संख्या जमली की त्यांचा निर्णय पक्का होतो. आपल्या ग्रामसभेला कोरम लागतो, तसाच. मग त्या हळूहळू वाट दाखवायचं सोडून देतात आणि घरच्यांना सरळ उचलून धावत नेतात. आणि जुनं घर अचानक मोडलं, तर त्या कमी संख्येवरच निर्णय घेतात. घाई आहे हे त्यांना कळतं. मात्र घाईत कधी वाईट जागाही निवडली जाते. म्हणून तर, आता नीट ऐका, घर धडधाकट असतानाही या मुंग्या आसपासच्या जागा हेरून ठेवतात. कुठली जागा वाईट आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं, आणि वेळ आली की त्या ती टाळतात.

मेंदू टाचणीच्या टोकाहून बारीक, आणि मी 14 वर्षं एका रेघेकडं बघत बसलो होतो.

आता तू विचारशील, मग नेहमी पळायचंच का? नाही. कधी राहणं बरोबर असतं. वीज कडाडत असेल तर पक्क्या घरातून बाहेर पडू नये. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कच्च्या घरातल्यांनी आधीच निघायला हवं होतं. पण वारा सुटल्यावर पक्क्या छपराखाली असलेल्यानं बाहेर पडणं म्हणजे उडत्या पत्र्यांच्या तोंडी जाणं. वादळाच्या मध्यभागी एक डोळा असतो, तो डोक्यावर आला की सगळं शांत होतं. माणसं बाहेर येतात, आणि थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं तितक्याच जोरानं येतो. डोंगराची गोष्ट त्याहून वेगळी. माळीण, तळीये, इर्शाळवाडी, दरडीखाली गेलेली ही नावं विसरू नका. मुसळधार पावसात उताराला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तर तिथं विचार करायलाही वेळ नसतो. तिथं पाऊस वाढतानाच उतरायचं.

आपली नदी त्या मानानं दयाळू आहे. ती सांगून येते. आणि वाट गेल्यानंतर मात्र पाण्यात पाय घालायचा नाही. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. घोट्याच्या वर आलेलं वेगवान पाणीसुद्धा उभ्या माणसाला पाडतं. गाडी म्हणजे तर चार चाकांवरचा हवेचा डबा, दोन फूट वाहतं पाणी तिला होडीसारखं उचलून नेतं. वाट गेलीच, तर माडीवर जायचं, दिवा दाखवायचा आणि बोटीची वाट बघायची.

2021 ला आपण काय केलं ते थोरल्याला आठवत असेल. बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पाणी त्या वेळी फार झपाट्यानं वाढलं. पण आपण 39 लाच, उजेडी, आधी म्हशी आणि मग माणसं, असे निघालो. आजीचं औषध, रेशनकार्ड, सातबारा, तुझी वह्यापुस्तकं, सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात होतं. कुणाच्या घरी जायचं ते उन्हाळ्यातच बोलून ठेवलेलं. शेजारचे म्हणाले, आबा, घाई करताय, अजून रस्ता कोरडा आहे. मी म्हणालो, म्हणूनच निघालोय.

परात आता आत नेऊन ठेवा. जोंधळे कोंबड्यांना घाला. आज संध्याकाळी बंधाऱ्यावर 36 फूट आहे. रात्री झोपायच्या आधी थोरल्यानं परत विचारून यायचं, आणि 39 चा आकडा आला की मला उठवायचं, मी कितीही गाढ झोपलेलो असलो तरी.